सुप्याच्या बाजारात जळालेले कागद

१२ मे १८७५. बुधवार, सुप्याच्या बाजाराचा दिवस. पुणे जिल्ह्यातल्या भीमथडी तालुक्यातलं हे गाव (आज ते बारामती तालुक्यात येतं) तेव्हा आसपासच्या वाड्यावस्त्यांची पेठ होती. गुजर आणि मारवाडी सावकारांची दुकानं इथे होती. धान्य, कापड, मीठ आणि कर्ज या चारही गोष्टी तिथे एकाच ओट्यावर मिळत. त्या दिवशी बाजाराला आलेल्या कुणब्यांनी या दुकानांना वेढा घातला. दुकानं फुटली, काहींना आग लागली. पण गर्दी मागत होती ती एकच गोष्ट : खतं, म्हणजे कर्जाचे रोखे.

आधी मागायची, मुकाट्याने दिली तर तिथेच फाडायची किंवा जाळायची आणि पुढच्या दुकानाकडे वळायचं, असा हा प्रकार होता. सावकाराने दार लावून घेतलं किंवा कागद नाहीत म्हणून सांगितलं, की मग हात उगारला जाई. पुढे चौकशीला बसलेल्या आयोगानेही हेच नोंदवलं. लोकांना कर्जाचे रोखे आणि कोर्टाचे हुकूमनामे हवे होते, आणि ते हाती पडले की बहुतेक ठिकाणी दंगा तिथेच थांबत होता. काही आठवड्यांत पुणे आणि नगर जिल्ह्यांत मिळून ३३ ठिकाणी हे लोण पोहोचलं. मारहाण झाली, घरं जळाली, पण एवढ्या मोठ्या दंग्यात सावकाराचा खून पाडला गेला नाही.

शाळेच्या पुस्तकात या प्रकरणाला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात आणि चार ओळींत ते आटोपतात : अमेरिकेत यादवी युद्ध झालं, कापूस महागला, मग उतरला, शेतकरी कर्जात बुडाला, चिडला. हे खोटं नाही, पण अपुरं आहे. यात शेतकरी दिसतो, सावकार दिसतो आणि तिसरा माणूस मात्र गायब असतो. सुप्याला जळत असलेल्या प्रत्येक कागदावर त्या तिसऱ्या माणसाची मोहोर होती. खत स्टँपाच्या कागदावर लिहिलं जात होतं, तो कागद सरकारचा. त्या खतावर हुकूमनामा देणारा न्यायाधीश सरकारचा, जप्ती घेऊन येणारा बेलिफ सरकारचा. एवढंच काय, कर्ज मुळात पुष्कळदा ज्यासाठी काढलं जाई तो शेतसाराही सरकारचाच. कुणबी सावकाराच्या दारात उभा होता खरा, पण तो जाळत होता ते सरकारचं बळ.

हे बळ सावकाराच्या पेटीत कसं जाऊन बसलं, ते पाहायला ५० वर्षं मागे, सुप्याहून फार लांब नसलेल्या इंदापुरात जावं लागतं.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या हाती हा मुलूख आला. जुनी घडी शक्यतो मोडू नये, असं त्याचं मत होतं. पण वसुलीची घडी आधीच मोडलेली होती. दुसऱ्या बाजीरावाने महाल मक्त्याने देऊन रयतेला पिळून काढलं होतं, त्यामुळे ‘जुनं ते सोनं’ म्हणायला फारशी जागा नव्हती. नव्या सरकारला हवी होती ती शास्त्रशुद्ध जमाबंदी. ती करायचं काम रॉबर्ट कीथ प्रिंगल या तरुण अधिकाऱ्याकडे आलं. हा हेलिबरीच्या कॉलेजात शिकलेला. तिथे अर्थशास्त्र शिकवायला खुद्द माल्थस होते. रिकार्डोचा खंडाचा सिद्धांत तेव्हा ताजा होता. त्यानुसार जमिनीच्या उत्पन्नातून लागवडीचा सगळा खर्च वजा करायचा, जे निव्वळ उरेल त्यावर सरकारचा हक्क. प्रिंगलने या निव्वळ उत्पन्नाचे ५५ टक्के सरकारचे धरले आणि १८२०च्या दशकाच्या अखेरीस शेतं मोजायला घेतली.

लंडनच्या पुस्तकातला सिद्धांत इंदापूरच्या माळरानावर उतरवायचा, तर प्रत्येक शेताचं पीक, बी, बैल, मजुरी सगळं मोजायला हवं. मोजणारे कारकून खालचे, पगार तुटपुंजे, आणि लाच देणाऱ्याची जमीन कागदावर नापीक होई. आकारणी चढी बसली, वर पाऊस रुसला. रयत जमिनी टाकून निघाली, कित्येक जण सरळ निजामाच्या हद्दीत गेले. इंदापूर ओस पडायला लागलं. सिद्धांत अचूक असूनही गाव मोकळं होऊ शकतं, हे कंपनी सरकारला इथे पहिल्यांदा कळलं.

१८३५ मध्ये गोल्डस्मिड हा अधिकारी आणि त्याच्या जोडीला लेफ्टनंट विंगेट यांनी इंदापूरची जमाबंदी पुन्हा केली. सिद्धांत बाजूला ठेवून त्यांनी एवढंच पाहिलं, की जमीन साधारण किती कसाची आहे आणि माणूस काय देऊ शकतो. दर खाली आणले, ते ३० वर्षांसाठी बांधून दिले. ओसाड शेतं पुन्हा नांगराखाली आली. आज सातबाऱ्यावर दिसणारे सर्व्हे नंबर, आकार आणि खातेदार ही सगळी भाषा याच मोजणीतून वाढलेली आहे.

या चांगल्या कामाच्या पोटातच पुढचं दुखणं होतं. रयतवारीत सरकारने प्रत्येक खातेदाराशी वेगळा व्यवहार ठेवला. आधी गाव मिळून वसुलीचा बोजा उचलत होतं, पाटील मामलेदाराशी घासाघीस करत होता, वाईट सालात सूट मिळवत होता. आता प्रत्येक कुणब्याच्या नावावर आकडा, ठरलेल्या तारखा, ठरलेले हप्ते आणि सारा रोख. पीक घरात येण्याआधी हप्ता उभा राहिला की कुणबी कुठे जाणार? सावकाराकडे. सावकार सारा भरून टाकी आणि रक्कम खात्यावर मांडी. मामलेदाराच्या खजिन्यात पैसा वेळेवर येई, सरकार खूष. फुकटचा वसूलदार मिळाला होता. शिवाय हलक्या दरामुळे जमिनीला आता किंमत आली होती. जिला किंमत आहे ती गहाण पडू शकते, आणि गहाण पडते ती विकलीही जाऊ शकते.

सावकार काही इंग्रजांनी आणला नव्हता. पेशवे स्वतः कर्जात असत, थोरल्या बाजीरावाच्या कर्जाच्या विवंचना प्रसिद्धच आहेत. त्याही आधी देहूला तुकोबांच्या घरी सावकारी होती आणि आपल्या वाट्याची खतं त्यांनी इंद्रायणीत बुडवली, असं परंपरा सांगते. खत पाण्यात जावं, ही या मुलखातली जुनीच आस आहे. पण तुकोबांच्या काळातल्या सावकाराला वसुली करायची तर गावातच राहून, गावाच्या डोळ्यांदेखत करावी लागे. तो तगादा लावी, दारात धरणं धरून बसे, फार तर पंचायतीत जाई. पंच गावचेच. कुणब्याचा बैल नेला तर पुढच्या साली तो पेरणार काय आणि फेडणार काय, हे पंचांना आणि सावकारालाही कळत होतं. त्यात दामदुपटीचा नियम होता, व्याज मुद्दलाच्या वर जायचं नाही. जमीन सहसा सावकाराला नकोच असे. त्याला हवं होतं ते पीक, आणि पिकासाठी कुणबी जमिनीवर राहायला हवा. हे नातं प्रेमाचं नव्हतं. सावकाराच्या हातात काठी लांब नव्हती, एवढाच त्याचा अर्थ.

ती काठी सरकारने लांब केली. पंचायती एल्फिन्स्टनला टिकवायच्या होत्या, पण दिवाणी कोर्टं आली तशा त्या सुकल्या. मुंबई सरकारच्या १८२७च्या रेग्युलेशनांत व्याजाला १२ टक्क्यांची मर्यादा होती. १८५५ मध्ये मुक्त व्यापाराच्या हवेत व्याजावरच्या मर्यादा रद्द झाल्या. दोन जाणती माणसं आपसांत करार करतात, त्यात सरकारने नाक का खुपसावं, असा तो विचार. विचार म्हणून ऐकायला बरा आहे. पण त्या दोन जाणत्या माणसांतला एक वाचता येणारा आणि दुसरा अंगठा उठवणारा होता. शिवाय करार मोडला की सरकार नाक नव्हे, सगळा हात खुपसायला तयार होतं.

१८५९चा मुदतीचा कायदा तर कर्जदाराच्या भल्यासाठी आला. साध्या खतावर तीन वर्षांच्या आत दावा लावला नाही तर तो बुडाला. जुनी, विसरलेली कर्जं उकरून कुणी छळू नये, हा हेतू. घडलं ते असं : तीन वर्षं भरत आली की सावकार कुणब्याला बोलावून सांगे, दावा तरी लावतो, नाही तर नवं खत लिहून दे. कुणबी लिहून देई. मुद्दल आणि थकलेलं व्याज मिळून आता नवं मुद्दल झालं. हिशेब करून पाहा. १०० रुपये, दरमहा शेकडा दोन. तीन वर्षांनी १७२ रुपयांचं खत. सहा वर्षांनी २९५ च्या वर. नऊ वर्षांनी ५०८ च्या वर. मधे कुणब्याने एक छदामही नवा उचललेला नाही. दामदुपटीने २०० ला थांबणारी रक्कम रखवालीसाठी केलेल्या कायद्याने पाचपट झाली. मधे भरलेल्या पैशाची पावती नाही, कारण पावती मागायची हे कुणब्याला सुचत नाही आणि सुचलं तरी लिहिणारा सावकारच.

मग दावा. समन्स तालुक्याच्या कोर्टाचं. पेरणी सोडून १५–२० मैल चालत कोण जाणार? गेला तरी खतावर आपलाच अंगठा आहे, हे नाकारणार कसं? बहुतेक कुणबी जातच नसत आणि हुकूमनामे एकतर्फी होत. न्यायाधीश प्रामाणिक होता, म्हणूनच तर पंचाईत. तो कागद पाहत होता, कागद बरोबर होता. मूळ कर्ज किती, फेड किती, हे विचारायचा त्याला कायद्याने अधिकारच नव्हता. हुकूमनामा हाती आला की जप्ती, लिलाव, आणि वर कर्जदाराला तुरुंगात टाकायची सोय. सावकार पुष्कळदा तुरुंगाचा नुसता धाक दाखवून आणखी वाईट अटींचं खत लिहून घेई. जमाबंदीचा कर्ता विंगेट याने १८५२ मध्येच सरकारला कळवलं होतं, की नव्या कोर्टांमुळे सावकार आणि रयत यांच्यातला जुना तोल गेला आहे आणि याचा शेवट बरा होणार नाही. त्याचा कागद दप्तरात राहिला.

आता कापसाबद्दल. १८६१ ते १८६५ अमेरिकेत लढाई चालली, मँचेस्टरला कापूस मिळेना, मुंबईत पैशाचा पूर आला. पण भीमथडी, शिरूर, पारनेर हा काही वऱ्हाड–खानदेशसारखा कापसाचा मुलूख नव्हे. हा बाजरी–ज्वारीचा, पावसाकडे डोळे लावून बसणारा पट्टा. इथे कापसाची लाट अप्रत्यक्ष पोहोचली. धान्याचे भाव चढले, रेल्वेच्या आणि बांधकामांच्या कामांवर रोख मजुरी मिळू लागली. बोरघाटाची चढण १८६३ मध्ये रेल्वेने ओलांडली, त्या कामावर देशावरची किती माणसं राबली असतील! कुणब्याची पत वाढली आणि पत वाढली की कर्जही वाढतं. बाहेरून नवे, छोटे, घाईचे सावकार आले. जुन्याला गावाची थोडी लाज होती, नव्याला चार वर्षांत पैसा करून परत जायचं होतं. १८६५ मध्ये लढाई संपली, मुंबईतले शेअर कोसळले. थोड्या वर्षांत धान्याचे भावही उतरले आणि मजुरीची कामं आटली.

नेमक्या याच वेळी इंदापूरची ३० वर्षं भरली. फेरजमाबंदी सुरू झाली ती महागाईच्या सालांचे भाव समोर ठेवून. इंदापूर, भीमथडी आणि आसपासच्या तालुक्यांत आकारणी एकदम दीडपटीच्या आसपास गेली, काही गावांत त्याहून वर. भाव उतरत होते आणि सारा चढत होता. पुण्यात १८७० मध्ये स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेने हे प्रकरण हाती घेतलं. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने सभेने गावोगाव चौकशी केली, अहवाल तयार केले, अर्ज लिहिले. शहरातल्या शिकलेल्या माणसांनी खेड्यातल्या साऱ्याचा हिशेब मांडून सरकारला जाब विचारणं ही तेव्हा नवी गोष्ट होती.

सरकार थोडं नरमलं. १८७४ मध्ये हुकूम निघाला, की तालुक्यावर किंवा गावांच्या गटावर मिळून ३३ टक्क्यांच्या, एका गावावर ६६ टक्क्यांच्या आणि एका खात्यावर १०० टक्क्यांच्या वर वाढ करू नये. दुप्पट सारा ही ‘सवलत’ म्हणून जाहीर करायला कोणत्या प्रकारचं धैर्य लागतं, ते असो. पाठोपाठ दुसरा हुकूम : सारा थकला तर आधी जंगम माल जप्त करावा, जमीन शेवटी विकावी. यामागेही हेतू चांगलाच होता, आणि याही वेळी परिणाम उलटा झाला. सारा थकला तर जमीन लगेच जाणार नाही, हे दिसताच सावकारांनी कुणब्यांचा सारा भरायचं थांबवलं. वर्षानुवर्षं चाललेला रिवाज एका हंगामात तुटला. उसनवार बंद, दावे मात्र चालू. गाडीची दोन्ही चाकं एकाच वेळी निखळली.

ठिणगी पडली शिरूर तालुक्यातल्या करडे गावी, १८७४ च्या डिसेंबरात. काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख या कर्जदारावर हुकूमनामा मिळवला आणि त्याचं घर ताब्यात घेऊन ते पाडायला काढलं. देशमुख म्हणजे गावच्या वतनदार घराण्यातला माणूस. ज्याच्या पूर्वजांनी परगण्याचा कारभार पाहिला, त्याच्या वाड्याच्या तुळया सावकार लाकूड म्हणून उतरवतो, हे दृश्य गावाने पाहिलं. तोवर सगळे आपापल्या घरात एकेकटे बुडत होते. इथे बुडणं चव्हाट्यावर आलं.

करड्याने दंगा केला नाही. त्यांनी जुनं, गावाचं हत्यार काढलं : वाळीत टाकणं. सावकाराच्या शेतात कुणी कामाला जाणार नाही, त्याच्या दुकानातून मीठही घेणार नाही, न्हावी हजामत करणार नाही, पाणक्या पाणी भरणार नाही. आसपासच्या गावांनीही तसे करार केले आणि ते कागदावर लिहून ठेवले. मला या करारांचं अप्रूप वाटतं. सरकारी कागदाने ज्यांची पाठ मोडली, त्यांनीही आपला निर्धार कागदावरच लिहिला. काळूराम आणि त्याचे भाऊबंद यांना गाव सोडून तालुक्याच्या ठाण्याचा आसरा घ्यावा लागला. पण ते गेले म्हणून खतं काही गेली नाहीत. बहिष्काराने दुकान बंद पडतं, हुकूमनामा बंद पडत नाही. पाच महिन्यांनी सुप्याला जे झालं, ते याच उमजेतून.

दंगा पसरत होता त्या दिवसांत गावागावांतून एक वदंता फिरत होती : विलायतेहून राणीचा हुकूम आला आहे, मारवाड्यांकडून खतं परत घ्यावीत म्हणून. इंग्रज अधिकारी याला हसले. मला मात्र या अफवेत सगळ्या प्रकरणाची किल्ली दिसते. सरकारविरुद्ध आपण उठलो आहोत असं या कुणब्यांना वाटतच नव्हतं. सरकार म्हणजे मायबाप, ते रयतेच्या बाजूचं असणार, मधल्या कुणीतरी त्याचा हात पळवला आहे आणि तो आपण परत आणत आहोत, अशी त्यांची समजूत होती. ज्याचं बळ आपल्यावर चालून आलं, त्याच्याच नावाने ते लढत होते.

हा राग सगळ्या सावकारांवर सारखा निघाला नाही, हेही सांगायला हवं. ब्राह्मण सावकार या भागात होते आणि त्यांचं व्याजही काही कमी नव्हतं, पण ते बहुतेक सुटले. झळ लागली ती मुख्यत्वे गुजर आणि मारवाडी सावकारांना. बाहेरचा माणूस ओळखायला सोपा असतो, शिवाय त्याचं गावात सोयरं नसतं. म्हणून दंग्याचा राग नेहमी व्यवस्थेवरच होता, असं म्हणून त्याला सोवळं ठरवायचं कारण नाही.

पुण्याहून घोडदळ आणि पायदळ निघालं. गावं लगेच शांत झाली. पुणे आणि नगर मिळून ९५१ माणसं धरली, त्यांतल्या ५०१ जणांना शिक्षा झाल्या. म्हणजे धरलेल्यांतले जवळजवळ निम्मे सुटले. एवढ्या गर्दीत कोणी काय जाळलं, याची साक्ष द्यायला गाव तयार नव्हतं.

मग आयोग. १८५७ ला अजून २० वर्षंही झाली नव्हती. शेतकरी एकजुटीने उठतो म्हटल्यावर कलकत्त्यापर्यंत घंटा वाजली. आयोगाने नमुन्याची काही गावं घेऊन हिशेब काढला. साधारण तिसरा हिस्सा खातेदार सावकारांच्या कर्जात होते. त्यांचं कर्ज त्यांच्या वर्षाच्या साऱ्याच्या सरासरी १८ पट होतं. आणि त्यातलं दोन-तृतीयांशाच्या आसपास जमीन गहाण ठेवून काढलेलं होतं. कोर्टं, मुदतीचा कायदा, एकतर्फी निकाल या सगळ्यावर आयोगाने स्पष्ट बोट ठेवलं. शेतसाऱ्याजवळ येताना मात्र बोट अडखळलं. वाढीव साऱ्याचा थोडा वाटा असेल, पण मुख्य कारण ते नव्हे, असा सूर लागला. वायव्य प्रांतातून आलेला सभासद ऑकलंड कॉल्विन याने वेगळं टिपण जोडून जमाबंदीला सरळ दोष दिला. आपल्याच कायद्याला दोष देणं सरकारला जमलं, आपल्या तिजोरीला दोष देणं जमलं नाही. याचा फायदा एवढाच झाला, की निदान कायद्याची दुरुस्ती होऊ शकली.

तीही लगेच नाही. मधे १८७६ ते १८७८ चा दुष्काळ गेला. सुपे, इंदापूर, पारनेर हा पट्टा त्यात होरपळला. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके रामोशांची तुकडी घेऊन याच डोंगरांतून फिरत होते आणि सावकारांना लुटत होते. मे महिन्यात पुण्यात बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाडा यांना आगी लागल्या. जुलैत फडके पकडले गेले. त्याच जुलैत थिओडोर होप याने केंद्रीय विधिमंडळात विधेयक मांडलं आणि वर्ष संपायच्या आत दख्खन शेतकरी दिलासा कायदा, १८७९ चा सतरावा, पुणे, नगर, सोलापूर आणि सातारा या चार जिल्ह्यांना लागू झाला.

आज वाचताना हा कायदा आश्चर्याचा वाटतो, कारण सरकारने २५ वर्षांत जे जे केलं होतं त्यातलं बरंचसं तो एकेक करून उलटवतो. खताच्या मागे जाऊन पहिल्या दिवसापासूनचा हिशेब न्यायाधीशाने उघडलाच पाहिजे. मुद्दल वेगळं, व्याज वेगळं. व्याज मुद्दलाच्या वर नाही : दामदुपट परत आली. मुदत तीन वर्षांऐवजी सहा, नोंदवलेल्या खताला बारा. कर्जासाठी कुणब्याला तुरुंग नाही. स्पष्ट गहाण लिहून दिलेली नसेल तर जमीन विकता येणार नाही. सावकाराने पावती दिलीच पाहिजे. गावात खतं लिहून नोंदवणारा निबंधक, दाव्याआधी समेट घडवणारे पंच, लहान दाव्यांत वकिलांना मज्जाव. म्हणजे एल्फिन्स्टनला जे टिकवायचं होतं आणि टिकलं नाही, ते साठ वर्षांनी कलमं लिहून उभं करायचा हा खटाटोप. मुक्त कराराचं तत्त्वज्ञान जगभर मिरवणाऱ्या साम्राज्याने आपल्या चार जिल्ह्यांत ते गुंडाळून ठेवलं.

या कायद्याखालच्या खास न्यायालयांवर देखरेख ठेवायच्या कामात पुढे रानडे स्वतः होते. १८८०च्या दशकात ते जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरत होते, आणि त्यांच्या पत्नी रमाबाई यांच्या आठवणींत त्या फिरतीची वर्णनं येतात. एकदा अर्ज लिहून ज्याने गाऱ्हाणं मांडलं, तोच आता न्यायासनावरून दप्तरं तपासत होता. जोतीराव फुल्यांना या सगळ्याचं फारसं कौतुक नव्हतं. १८८३ मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये ते सावकाराबरोबर कुलकर्णी, कारकून, कोर्टातली बाबू मंडळी आणि त्यांच्यावर विसंबून असलेला गोरा अधिकारी या साखळीलाच हात घालतात. कायदा चांगला असला तरी तो लिहिणारा, वाचून दाखवणारा, नोंदवणारा कोण, हा त्यांचा प्रश्न होता. आणि तो सर्वात मुळाशी जाणारा होता.

कारण कायद्याला पळवाट लगेच सापडली. कायदा गहाणाला लागू होत होता, विक्रीला नाही. मग सावकाराने गहाण घेणंच सोडलं. जमिनीचं सरळ खरेदीखत करून घ्यायचं आणि तोंडी वचन द्यायचं, की पैसे फेडलेस तर परत देईन. कागदावर विक्री, मनात कर्ज. कुणबी आपल्याच शेतात कूळ झाला. कर्ज देणारं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून तो अशा कागदावरही अंगठा उठवत होता. सावकाराचे दात कायद्याने काढले, पण भुकेलेल्याला भाकरी कुठून मिळणार, हे त्यात लिहिलेलं नव्हतं.

ते लिहायचा प्रयत्न एकाने केला. पुण्यात न्यायाधीश असलेला विल्यम वेडरबर्न. पुरंदर तालुक्यात एक शेतकी बँक काढावी, जुनी कर्जं हिशेब करून तिने मिटवावीत, पुढे माफक व्याजाने कर्ज द्यावं, आणि तिची वसुली सरकारने करून द्यावी, अशी योजना त्याने १८८०च्या दशकात मांडली. पुण्यातले भांडवलवाले तयार होते. हिंदुस्थान सरकारनेही एका तालुक्यापुरता प्रयोग करायला होकार भरला. कागद लंडनला गेला आणि भारतमंत्र्यांनी तो नाकारला. खासगी बँकेच्या वसुलीला सरकारने आपला हात का द्यावा, असा आक्षेप होता. खासगी सावकाराच्या वसुलीला हा हात कित्येक वर्षं फुकट दिला गेला होता, हे कुणाला आठवलं नसावं. सहकारी पतपेढ्यांचा कायदा यायला १९०४ उजाडलं.

त्याआधी आणखी एक वळण आलं. १८९६ आणि १८९९ च्या दुष्काळांनी कुणबी पुन्हा खचला, सारा थकला. १९०१ मध्ये मुंबई सरकारने विधेयक आणलं, की थकबाकीपायी सरकारजमा झालेली जमीन शेतकऱ्याला परत कसायला द्यायची, पण विकायचा किंवा गहाण टाकायचा हक्क काढून घेऊन. सावकाराच्या घशात जमीन जाऊ नये, असं कारण दिलं. गोपाळ कृष्ण गोखले आणि फिरोजशहा मेहता यांनी कौन्सिलात याला कडाडून विरोध केला. सावकाराच्या हातून सोडवून रयतेला सरकारचं कूळ करायचं, हा दिलासा नव्हे, असं त्यांचं म्हणणं. लोकांना मतं मांडायला वेळ द्या, विधेयक पुढे ढकला, ही मागणी फेटाळली गेली, तेव्हा मेहता, गोखले आणि त्यांचे काही सहकारी कौन्सिलातून उठून बाहेर पडले. मागे राहिलेल्या सरकारी बहुमताने विधेयक मंजूर केलं.